ॲलॉय व्हीलवर पांढरे डाग आणि कातडीखाली किडा फिरल्यासारख्या रेषा, तीन दिवस घासूनही जात नाहीयेत

जुनीचाकं:

नमस्कार मंडळी. बाबांची बाईक परत रस्त्यावर आणायचं मनावर घेतलंय, गाडी बरीच वर्षं झाकून उभी होती. इंजिन सुरू झालं, टाकी साफ झाली, ब्रेक नवे केले, आता राहिलीत फक्त चाकं. कास्ट ॲल्युमिनियमची आहेत, मधले स्पोक काळ्या रंगाचे आणि कडेची रुंद पट्टी चांदीसारखी चमकणारी, म्हणजे एकेकाळी चमकणारी, आता ती राखाडी झालीये, ठिकठिकाणी पांढरी भुकटी धरलीये आणि व्हॉल्व्हच्या आसपास आणि बॅलन्सिंगची वजनं लावलेली होती तिथे पातळ पातळ वाकड्या रेषा दिसतात, जशा लाकडात किडा फिरल्यावर असतात तशा. नख लावलं तर वरून गुळगुळीत लागतं, रेषा आतमध्ये आहे असं वाटतं.

आधी साबणाने धुतलं, मग रॉकेलने चेनचं ग्रीस काढलं, मग ब्रासो घेऊन तीन संध्याकाळी घासतोय. काही जागी फडकं लगेच काळंकुट्ट होतं आणि तिथे चमकही येते, पण बाकी पट्टीवर फडकं काळं होतच नाही आणि फरकही पडत नाही. एकाच चाकावर असं दोन प्रकारचं का होतंय ते कळेना. एकाने सांगितलं की तुंबलेल्या नळाची कॉस्टिकची पावडर पाण्यात कालवून लाव, दोन मिनिटांत पांढरं निघतं. दुसऱ्याने सांगितलं की मेन स्टँडवर लाव, पहिला गिअर टाक, चाक फिरत ठेव आणि फडकं नुसतं धरून बस, हाताला मेहनत नाही. पेपर मारायचा झाला तर कितीचा मारू? चाकं बाबांनी फार जपली होती त्यामुळे चुकीचं काही करायचं नाहीये.

धातूवेडा:

दादा सगळ्यात आधी, गिअरमध्ये चाक फिरवून फडकं धरायचं नाही. कधीच नाही. फडक्याचं टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेलं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, फडकं बोटांना गुंडाळलेलं असतं, ते बोटांसकट आत जातं. चेन साफ करताना माणसांची बोटं अशीच गेलेली आहेत, इंजिन नुसतं आयडलला असलं तरी तेवढी ताकद पुरते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. शक्य असेल तर चाक काढून टेबलावरच घ्या, काम निम्मं सोपं होतं.

कॉस्टिकही नको. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की धातूच विरघळायला लागतो, फेस येतो तो हायड्रोजनचा असतो, पेट घेणारा वायू. पांढरं निघतं हे खरं पण त्याबरोबर चांगला धातूही जातो आणि कास्टिंगवर काळपट थर उरतो तो घासून काढणं मूळ डागापेक्षा अवघड. चाक ॲनोडाईझ असेल, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कडक ऑक्साईडचा थर चढवलेला असेल, तर तो थर मिनिटांत साफ. ओव्हन क्लीनर पण त्याच जातीचे, बऱ्याच जणांत कॉस्टिकच असतं.

आता तुमचं फडकं. उत्तर तुम्हीच लिहिलंय. जिथे फडकं काळं होतंय तिथे उघडा धातू आहे, जिथे होत नाही तिथे वर क्लिअर कोट शाबूत आहे आणि तुम्ही तीन दिवस त्या लॅकरला पॉलिश करताय. फॅक्टरीतून मशीन केलेल्या पट्टीवर बहुतेक वेळा पारदर्शक लॅकर मारूनच चाक येतं. त्यावर कुठे दगड लागला, टायर काढताना लिव्हर घासला, वजनाची क्लिप रुतली की बारीक चीर पडते, तिथून ओल आणि मीठ आत शिरतं आणि लॅकरच्या खालून गंज सरकत जातो. तीच ती किडा फिरल्यासारखी रेषा. रेषेचं पुढचं टोक जागं असतं, तेच धातू खात पुढे जातं, मागे पांढरी शेपटी सोडत. वरून कितीही घासा, तो काचेच्या मागे आहे.

खात्री करायची असेल तर मल्टीमीटर घ्या, कंटिन्युइटीवर ठेवा, दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. बीप आला तर उघडं ॲल्युमिनियम, नाही आला तर वर लॅकर किंवा ॲनोडाईझ. जोरात दाबू नका नाहीतर टोक लॅकर फोडून आत जातं आणि खोटा बीप येतो.

सॅडलबॅग:

वरच्या पोस्टला पूर्ण पाठिंबा. अजून एक, फडकं काळं होणं म्हणजे घाण निघतेय असं खूप जण समजतात आणि फडकं पांढरं येईपर्यंत घासत राहतात. ते कधीच पांढरं येणार नाही. तो काळा रंग धातूच्याच बारीक कणांचा आहे, तुम्ही प्रत्येक वेळी थोडं ॲल्युमिनियम खरवडून काढताय. चमक आली की थांबायचं.

जुनीचाकं:

खूप खूप आभार, फिरत्या चाकाचं लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, मी उद्या करणारच होतो. मल्टीमीटर लावून बघितला, अगदी तुम्ही म्हणता तसंच, काळं होणाऱ्या जागी बीप आणि बाकी पट्टीवर शांत. म्हणजे आता लॅकर पूर्ण काढायचं का? नुसते डागाचे भाग काढून चालणार नाही का, बाकीचं छान आहे अजून.

हातबफ:

ताई समजा किंवा काकू समजा, मी बरीच वर्षं गाड्यांची ॲल्युमिनियमची कामं हाताने करतेय, चाकं, क्लच कव्हर, फोर्कचे खालचे पाय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

अर्धवट काढून चालत नाही. उरलेल्या लॅकरची कड म्हणजे नवीन चीरच, गंज तिथूनच परत सुरू होतो, वर उघडी जागा आणि लॅकरची जागा यांचा रंग कायम वेगळा दिसतो. पट्टीचं पूर्ण काढा. पेंट रिमूव्हर आणा पण डब्यावर ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलेलं बघूनच, काही रिमूव्हर कॉस्टिकवरच असतात. काळ्या स्पोकचा रंग ठेवायचा असेल तर चांगली चिकटपट्टी दोन थर लावा आणि रिमूव्हर ब्रशने थोडा थोडा लावा, ओतू नका. टायर काढता आला तर उत्तम, नाहीतर टायरच्या कडेला रिमूव्हर लागू देऊ नका, रबर खराब होतं. बेअरिंगच्या तोंडाला पिशवी बांधा. हातमोजे जाड घ्या, साधे पातळ मोजे रिमूव्हर खाऊन टाकतो, डोळ्यावर चष्मा हवाच, आणि उघड्यावर बसून करा. लॅकर सुरकुतलं की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढायचं, लोखंडी पत्र्याने नाही, मग भरपूर पाण्याने धुवायचं.

आता पेपर. सगळे विचारतात कितीचा पेपर, पण खरा प्रश्न असतो सुरुवात कितीने करायची, आणि त्याचं उत्तर म्हणजे खड्डा निघेल असा सगळ्यात बारीक पेपर (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक). आधी कोपऱ्यात ६०० मारून बघा. त्याने रेषेची खूण जात असेल तर ६०० नेच सुरू करा, उगीच ३२० ला जाऊ नका कारण ३२० चे ओरखडे काढायला नंतर दुप्पट वेळ लागतो. नसेल जात तर ४००, अगदीच खोल असेल तर ३२०. मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. मधला टप्पा गाळायचा मोह होतो तो टाळा, एक टप्पा गाळला की शेवटी उन्हात धरल्यावर खोल ओरखडे दिसतात आणि परत मागे यावं लागतं, हे मी दोनदा पूर्ण चाकावर भोगलंय.

पेपर ओलाच वापरायचा, वॉटर पेपर, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. दर टप्प्याला दिशा बदलायची, म्हणजे ४०० गोल फिरवत मारला असेल तर ६०० आडवा, मग आधीच्या ओरखड्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात आणि त्या पूर्ण गेल्या की समजायचं हा टप्पा झाला. वेळ बघून नाही, रेषा बघून. शेवटचे दोन टप्पे मात्र चाकाच्या गोलाईबरोबर. आणि प्रत्येक टप्प्यानंतर चाक, हात, बादली सगळं धुवायचं, पाणी बदलायचं, कारण ४०० चा एक कण जरी १५०० च्या पेपरखाली आला तरी लांब ओरखडा काढतो. ओलं मारायचं दुसरं कारण म्हणजे धूळ उडत नाही, ॲल्युमिनियमची सुकी बारीक धूळ फुफ्फुसाला वाईट आणि ठिणगी मिळाली तर पेटते. त्यामुळे जिथे लोखंड ग्राइंड करता त्याच जागी ॲल्युमिनियम बफ करू नका.

२००० झाल्यावर चाक धुरकट आरशासारखं दिसतं. मग मेटल पॉलिश, ब्रासो चालतं पण ते मुळात पितळेसाठी, ॲल्युमिनियमला ऑटोसॉल किंवा मदर्सची मॅग ॲल्युमिनियमची पेस्ट जास्त लवकर चमक देते असा माझा अनुभव. जुन्या मऊ बनियनचा तुकडा सगळ्यात बेस्ट. नाण्याएवढी जागा धरून करायची, पूर्ण चाकावर पेस्ट फासायची नाही, सुकते ती.

टॉर्करेंच:

ताईंनी सगळं सांगितलंय, मी मशीनवाल्यांसाठी लिहितो. ड्रिलला बफ लावून करणार असाल तर कापडी बफ दोन ठेवा, एकावर तपकिरी ट्रिपोली (पॉलिशची जरा खरखरीत वडी), दुसऱ्यावर बारीक पॉलिशची पांढरी वडी, एकाची वडी दुसऱ्याला कधी लावायची नाही. बफ नेहमी कडेवरून बाहेर जाईल असा फिरला पाहिजे, कडेवर चढेल असा नाही, चढला की कड पकडतो आणि ड्रिल हातातून मुरगळून घेतो. बेंचच्या मोठ्या बफरवर पूर्ण चाक धरून करणं तर मी शिकाऊ माणसाला करूच देणार नाही, चाक जड असतं आणि स्पोकमध्ये बफ अडकला की चाक फेकलं जातं.

अजून एक गैरसमज, तारेची घासणी. साध्या लोखंडी तारेचे तुकडे मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि काही दिवसांनी तिथेच तांबूस ठिपके येतात. तारेच्या ब्रशचंही तेच. तसंच फॉइलचा गोळा पाण्यात बुडवून घासायचा उपाय जो फिरत असतो तो क्रोमवरच्या गंजाला छान आहे, ॲल्युमिनियमच्या चाकाला त्याने काही होत नाही.

माझं मत विचाराल तर हे सगळं करण्यापेक्षा पावडर कोटिंग करून मोकळे व्हा. पाच वर्षं बघायला नको.

धातूवेडा:

पावडर कोटिंगला माझा विरोध नाही पण एक काळजी. कास्ट चाकं बऱ्याचदा ए३५६ या मिश्रधातूची असतात, त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम, आणि ती उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेली असतात, शेवटी साधारण १५५ ते १७० अंश सेल्सियसला काही तास ठेवून. पावडर सहसा २०० अंशांच्या आसपास पिकवतात. एकदा, मोजून मापून वेळ ठेवून केलं तर चाकं हे सहन करतात, पण परत परत जाळून काढणं, परत भाजणं, किंवा रंग काढायला चाकाला ज्योत दाखवणं याने धातू मऊ पडतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. चाक आहे ते, त्यावर माणूस बसतो. काम करणाऱ्याला तापमान आणि वेळ विचारा, सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा. आणि पावडरच्या आत जुना गंज राहिला तर तो तिथेही खालून सरकतोच.

सिलिकॉनवरून आठवलं, कास्ट म्हणजे ओतीव चाकाला फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेल्या चाकासारखा निळसर आरसा येत नाही, जरा करडी छटा राहते. ते तुमचं चुकलेलं नसतं, धातूच तसा आहे, त्यामुळे ५००० चा पेपर शोधत फिरू नका.

जुनीचाकं:

मंडळी पुढचं चाक झालं! चार सुट्ट्या गेल्या. रिमूव्हर दोनदा लावावा लागला, पहिल्यांदा लॅकर नुसतं फुगलं. ताई तुम्ही म्हणालात तसं ६०० मारून बघितला, बहुतेक ठिकाणी पुरला, व्हॉल्व्हपाशी मात्र ४०० घ्यावा लागला. दिशा बदलायचं जे सांगितलंत त्याने खरंच डोळे उघडले, मला वाटत होतं झालं आणि आडवा पेपर फिरवला की आधीच्या रेषा लख्ख समोर. १५०० नंतर पट्टीत स्वतःचा चेहरा दिसायला लागला तेव्हा बाबांना हाक मारली, ते बराच वेळ चाकाला हात लावून बसले होते.

दोन अडचणी. वजनाच्या जागी चार पाच बारीक काळे खड्डे अजून आहेत, सुई टोचल्यासारखे, ४०० ने पण गेले नाहीत. आणि टायर काढला तर आतल्या बाजूला जिथे टायरची कड बसते तिथेही पांढरा खरबरीत थर आहे, ट्यूबलेस आहे आणि हवा आठवड्याला कमी व्हायची ती बहुतेक म्हणूनच. तिथेही पेपर मारून गुळगुळीत करू का?

हातबफ:

वा वा, किती छान वाटलं वाचून. बाबांचं लिहिलंत ते विशेष.

खड्डे राहू द्या. खड्डा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा सगळा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचा, पट्टीला लाट येते आणि उन्हात ती लाट खड्ड्यापेक्षा जास्त दिसते. काही काळे ठिपके तर कास्टिंगमधल्या पोकळ्या असतात, जितकं खाली जाल तितक्या नवीन उघड्या पडतात. कापसाच्या काडीने आतली पांढरी भुकटी तेवढी काढा. एकच गोष्ट नक्की बघा, तो खड्डाच आहे ना, रेघ नाही ना. स्पोक जिथे रिमला मिळतो तिथे केसासारखी रेघ दिसली आणि पॉलिश पुसल्यावर ती काळी उठून दिसत राहिली तर ती भेग असू शकते, मग ते चाक रस्त्यावर न्यायचं नाही, जाणकाराला दाखवायचं.

पंक्चरकिट:

टायरच्या कडेची जागा माझ्या आवडीचा विषय म्हणून लिहितोय. ती जागा चमकवायची नाही. तिथे टायर नुसत्या दाबाने बसतो आणि माप फार नेमकं असतं, पेपरने एका जागी उतरवलं तर हवा अजूनच गळेल. मरून रंगाची किंवा राखाडी स्कॉचब्राइटची घासणी साबणाच्या पाण्यात बुडवून गोलाईच्या दिशेने सुटा झालेला थर तेवढा काढा, हाताला खरखर लागेनाशी झाली की थांबा. फुगलेला रंग असेल तर तोही काढा, हवा बऱ्याचदा त्याच्याच खालून जाते. व्हॉल्व्हचं भोक आतून तसंच साफ करा आणि व्हॉल्व्ह नवा घाला, जुना रबरी व्हॉल्व्ह परत बसवू नका. टायर बसवताना कडेला बीड सीलर, म्हणजे कडेची गळती बंद करणारं लुकण, लावता येतो. मग हवा भरून सगळ्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात का बघा. पॉलिशचा तेलकट अंश त्या जागी राहू देऊ नका.

आणि नवीन वजनं चिकटवायच्या आधी जागा अल्कोहोलने पुसा. क्लिपवाली लोखंडी वजनं घेऊ नका, दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियमच आधी झिजतं, तुमचे डाग तिथेच होते ना.

टॉर्करेंच:

चाक परत लावताना, ॲक्सल नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, स्प्लिट पिन असेल तर नवी. कॅलिपर सुटा असताना ब्रेक लिव्हर दाबला असेल तर पिस्टन बाहेर आले असतील, चाक बसवल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा आणि मगच गाडी हलवा. डिस्कला पॉलिशचा बोटभरसुद्धा डाग नको, ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसा. पॅडला पेस्ट लागली असेल तर पॅड बदला, पुसून भागत नाही. पावडरचं मी म्हणालो होतो पण तुमचं वाचून आता वाटतंय तुम्ही केलंत तेच बरोबर.

जुनीचाकं:

सगळं लिहून घेतलं. कडेचं स्कॉचब्राइटने साफ केलं, नवा व्हॉल्व्ह, तीन दिवस झाले हवा जशीच्या तशी आहे. शेवटचं विचारतो, आता यावर परत क्लिअर मारू का नुसतं मेण लावू? इतकी मेहनत केलीये, परत तसंच झालं तर सहन होणार नाही.

हातबफ:

आरशासारख्या पृष्ठभागाला क्लिअर नीट धरत नाही, त्याला पकडायला खडबडीतपणाच नसतो. साधा स्प्रेचा क्लिअर मारला तर पहिल्या दगडाला टवका उडतो आणि तुम्ही जिथून सुरुवात केली तिथेच परत येता. क्लिअर हवाच असेल तर चमक सोडावी लागते, ६०० च्या आसपास एकसारखी गोल रेष ठेवून त्यावर टू के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर, आणि तो घरच्या मास्कवर मारायचा नाही, त्यातलं हार्डनर श्वासात गेलं तर दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. ज्याच्याकडे नीट सोय आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

मी स्वतः उघडंच ठेवते. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटरचा ऑक्साईडचा थर येतो, तो पारदर्शक असतो आणि तोच धातूला जपतो, तुमचा शत्रू तो नव्हता. शत्रू म्हणजे साचलेली ओल आणि मीठ. म्हणून पॉलिश झाल्यावर अल्कोहोलने पुसून चांगलं मेण किंवा सिंथेटिक सीलंट, दोन हात. पावसातून आलात की त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं पुसायचं, चाक गरम असताना नाही, गार झाल्यावर. शाम्पू सौम्य घ्या, चाकाचे ॲसिडवाले क्लीनर उघड्या धातूला लावले की डाग पडतात. आठ पंधरा दिवसांनी पाणी शिंपडून बघा, पाण्याचे थेंब गोल उभे राहत नसतील तर मेण परत. धूसरपणा आला तर पेपर नको, पेस्टचा एक हात, दहा मिनिटांचं काम.

मागच्या चाकाला चेनच्या बाजूने तेल उडतं, तिथे मेण लवकर जातं, ती बाजू जरा जास्त बघा.

जुनीचाकं:

उघडंच ठेवतो मग. बाबा म्हणाले पुसायचं काम माझं. मागचं चाक उद्या काढतोय, ६०० ने सुरू करेन आणि बादलीतलं पाणी बदलत राहीन.